ती मॅट फिल्म आधी काढा

हा लेख तुम्ही बहुधा टॅबवर किंवा फोनवर वाचत असाल. आणि तुम्ही आखातात राहत असाल, तर त्या स्क्रीनवर एक खरखरीत, किंचित दुधी अशी मॅट फिल्म चिकटवलेली असण्याची बरीच शक्यता आहे. ती का लावली, असं कुणी विचारलं तर तुमचं उत्तर मला आत्ताच ठाऊक आहे: "अहो, इथलं ऊन!"

सौदीत नवीन आलेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. इकामा झाला का, सिम घेतलंस का, गाडीच्या काचांना फिल्म लावलीस का, आणि हो, टॅब घेणार असशील तर मॅट गार्ड लावूनच घे. मलाही मिळाला. मीही तो पुढे निदान दहाजणांना दिला असेल. दुकानातला मुलगा तर आपण तोंड उघडायच्या आतच सांगतो, "धूप में एकदम क्लियर, मॅडम." वीस-पंचवीस रियालची गोष्ट, त्यामुळे कुणी जास्त विचार करत नाही.

मी आता तो सल्ला परत घेते आहे. ज्यांना ज्यांना दिला त्या सगळ्यांकडून. या फिल्मचा उन्हात उपयोग होत नाही, आणि घरात तिच्यामुळे जे नुकसान होतं ते आपल्याला दिसत नाही, कारण ते आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर मांडतो. आमच्या घरी ते बाबांच्या वयावर मांडलं गेलं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आईबाबा फॅमिली व्हिजिट व्हिसावर अल-खोबरला आले. जूनमध्ये कुणी येतं का, असं तुम्ही म्हणाल, पण नातीच्या सुट्ट्या आणि व्हिसाच्या तारखा यांत आपल्याला फारशी निवड नसते. बाहेर पंचेचाळीस अंश, त्यात शमाल सुटलेला, म्हणजे आकाश मातकट आणि बाल्कनीत बोटभर धूळ. मगरिबनंतर कॉर्निशवर एक चक्कर, एवढंच काय ते बाहेर पडणं. आईला स्वयंपाकघर मिळालं, नात मिळाली. बाबांना काय? कट्टा नाही, वाचनालय नाही, दारात येऊन पडणारा पेपर नाही, मराठी पुस्तकाचं दुकान तर विसराच. निवृत्त शिक्षक माणूस, ज्याने आयुष्यभर रोज चार तास वाचलं, त्याच्या हातात मी एक अकरा इंची टॅब दिला. त्यात राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मोफत ठेवलेली पुस्तकं, जुन्या पुस्तकांचे स्कॅन, असा दीडएकशे पीडीएफांचा साठा भरून ठेवला होता. आणि वर अर्थातच मॅट फिल्म. बाबांसाठी म्हणून मुद्दाम चांगल्यातली.

पहिला आठवडा त्यांनी वाचलं. दुसऱ्या आठवड्यात टॅब टीपॉयवर दिसायला लागला, मग टीव्हीच्या बाजूला, मग चार्जिंगला लावलेलाच. विचारलं तर म्हणाले, "वाचवत नाही गं आता फार वेळ. वय झालं." आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर जवळपास तोच होता. मोतीबिंदूची सुरुवात होती, पण ऑपरेशनची घाई नाही असं निघालं. तरी आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलं: वय झालं. आई म्हणाली, "आता मोठ्याने वाचून दाखवत जा त्यांना." मी दाखवायला लागले. बाबा ऐकायचे, आणि दोन पानांनी म्हणायचे, "तू दमली असशील, राहू दे."

मग एक दिवस फिल्मचा कोपरा सुटला. नातीने, जसं मुलं करतात तसं, तो ओढून ओढून अर्ध्या पानापर्यंत आणला. बाबांनी सहज टॅब हातात घेतला आणि म्हणाले, "हे वरचं कसं काय दिसतंय?" पानाचा वरचा अर्धा भाग ते घडाघडा वाचत गेले. फिल्म सुरू झाली तिथे अडखळले. त्यांना म्हातारं ठरवण्यात आम्ही सगळ्यांनी पाच आठवडे घालवले होते.

हे का झालं ते नीट समजून घेऊ या, कारण इथेच सगळा गोंधळ आहे.

साधी काच तिच्यावर समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फेकते. हे चार टक्के आरशासारखे फेकले जातात म्हणून आपल्याला स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा आणि डोक्यावरचा दिवा दिसतो. मॅट फिल्म काय करते? ते चार टक्के कमी करत नाही. पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांनी त्यांना विस्कटून टाकते. दिव्याचं एका जागचं झगझगीत प्रतिबिंब जातं आणि त्याच्याऐवजी मोठ्या भागावर पसरलेला फिका पांढुरका थर येतो. उजेड तेवढाच; आधी एका ठिकाणी साचला होता, आता सारवल्यासारखा सगळीकडे आहे.

हे 'अँटी-ग्लेअर'. याहून अगदी वेगळी अशी दुसरी चीज आहे, 'अँटी-रिफ्लेक्टिव्ह' कोटिंग. काचेवर अतिशय पातळ थर देऊन परतणारा उजेडच खरोखर कमी केला जातो. तुमच्या चष्म्याच्या काचेवर जी हिरवी-जांभळी झाक दिसते तीच ही. आयपॅड एअर आणि प्रोला हे कोटिंग असतं आणि परावर्तन १.८ टक्के असल्याचं अ‍ॅपल स्वतः लिहितं; साध्या आयपॅडला ते नसतं. सॅमसंगनेही टॅब एस१० प्लस आणि अल्ट्राला असं कोटिंग दिलं आहे. दुकानात मात्र या दोन्हींना सर्रास 'अँटी-ग्लेअर' म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो.

आता गंमत बघा. अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग काम करतं ते काच आणि हवा जिथे भेटतात तिथे. त्यावर तुम्ही गोंदाची फिल्म चिकटवली की हवेला भेटते ती फिल्म, कोटिंग नव्हे. म्हणजे १.८ टक्क्यांसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि पंचवीस रियालच्या फिल्मने ते झाकून टाकायचे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी हे केलं आहे. नव्या सोफ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच ठेवणारी आपली पिढी. सवय कशी जाईल?

आता ऊन. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. त्याचे चार टक्के मॅट पृष्ठभागाने पूर्णपणे विखुरले असं धरलं, तर हिशेबाने स्क्रीनवर सुमारे १,२७० निट्सचा पांढुरका पडदा बसतो. बहुतेक टॅबची स्वतःची चमक ४०० ते ६०० निट्स. म्हणजे टॅब जेवढा उजेड देतो त्याच्या दुप्पट उजेड त्याच्या काळ्या अक्षरांवरच पडलेला असतो. प्रत्यक्षात मॅट फिल्म सगळ्या दिशांना सारखा उजेड फेकत नाही, त्यामुळे कोन बदलला की थोडा फरक पडतो, पण हिशेबाची जात तीच राहते. चकचकीत स्क्रीनही उन्हात काही सुखाची नसते. सूर्याचं प्रतिबिंब डोळ्यांत गेलं तर आंधळं व्हायला होतं. पण ते प्रतिबिंब लहान असतं आणि टॅब जरा कलता केला की सरकतं. चकचकीत स्क्रीनमध्ये तुम्हाला फक्त तेच दिसतं जे तिच्यासमोर त्या कोनात उभं आहे. तिथे काय असावं हे तुम्हाला ठरवता येतं. मॅट स्क्रीनवर तो निर्णय तुमच्या हातात राहत नाही. आकाश, भिंत, वाळू, सगळं एकत्र कालवून ती तुम्हाला वाढते.

जुबैलला साइटवर टॅब घेऊन फिरणाऱ्यांना हे मी सांगायला नको. पांढरा शर्ट किंवा थोब घातलेला माणूस उन्हात टॅबवर वाकला की त्याला स्क्रीनमध्ये स्वतःची छाती दिसते, अक्षरं नाही. गडद निळा कव्हरऑल घातलेल्याला त्याच टॅबवर तेच ड्रॉइंग दिसतं. उन्हात वापरायचे म्हणून जे मजबूत टॅब खास बनवले जातात त्यांची माहितीपत्रकं काढून बघा. तिथे जोर असतो तो हजार निट्स आणि त्याहून जास्त चमकेवर, आणि काच व पॅनेल यांच्यामधली हवेची फट भरून काढण्यावर. कारण त्या फटीतही दोन पृष्ठभाग असतात आणि तेही उजेड परत फेकतात. पंचवीस रियालची फिल्म हे काम करणार असती तर कंपन्यांनी एवढा खटाटोप कशाला केला असता?

आणि खरं सांगा, सौदीत उन्हात बसून टॅबवर वाचतं कोण? १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे कायद्यानेच बंदी आहे. आयपॅड वापरायची कमाल मर्यादा अ‍ॅपल ३५ अंश सेल्सिअस देतं. त्यापुढे यंत्र तापलं की ते स्वतःहून स्क्रीन मंद करतं. म्हणजे चमक जेव्हा सगळ्यात जास्त हवी तेव्हाच ती कमी होणार. इथे मेपासून ऑक्टोबरपर्यंत ही लढाई सुरू होण्याआधीच हरलेली असते. तरीही आपण उन्हासाठी म्हणून फिल्म लावतो आणि आयुष्य एसीच्या खोलीत काढतो. (आणि गाडीत बसून स्क्रीन काळी दिसत असेल तर फिल्मला नावं ठेवण्याआधी डोळ्यांवरचा गॉगल काढा. पोलराइज्ड गॉगलमधून कित्येक स्क्रीन एका दिशेने धरल्या की काळ्याठिक्कर दिसतात.)

तर मुद्दा घरातला. इथे मॅटवाल्यांची बाजू भक्कम आहे, ती मी लपवणार नाही. सौदीतल्या फ्लॅटमध्ये खिडक्या लहान, त्यांवर जाड पडदे, आणि उजेड सगळा वरून: फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले गोल गोल स्पॉट लाइट. आमच्या हॉलमध्ये असे बारा आहेत. सोफ्यावर रेलून टॅब मांडीवर धरला की बाराच्या बारा दिवे पानावर उमटतात. घरातला उजेड दोन-चारशे लक्स. तो मॅटने विखुरला तर पडदा जेमतेम चार-पाच निट्सचा, म्हणजे नगण्य. चकचकीत काचेत मात्र एकेक दिवा थेट अक्षरावर बसतो. त्यामुळे चकाकीपुरतं बोलायचं तर मॅट घरात जिंकते, बाहेर हरते. दुकानातला मुलगा सांगतो त्याच्या बरोबर उलट.

मग मी ती काढायला का सांगते आहे? कारण घरात चकाकी घालवायची किंमत अक्षर मोजतं, आणि आपलं अक्षर ती किंमत देऊ शकत नाही.

मॅटच्या बाजूने मला सगळ्यात चांगला युक्तिवाद ऐकवला तो आमच्या इथल्याच एका काकांनी. ते म्हणाले, "दिवाळी अंक आठव. जाहिराती गुळगुळीत आर्ट पेपरवर, कथा साध्या खरखरीत कागदावर. छापणाऱ्याला कळत होतं वाचायला काय हवं ते. टॅबवाल्यांनी आपल्याला अख्खा अंक जाहिरातीच्या कागदावर छापून दिलाय." मला हे इतकं पटलं की दोन दिवस मी माझंच मत बदलून बसले होते. पण यात एक खोट आहे. दिवाळी अंकात शाई कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर असते. टॅबमध्ये अक्षर त्या पृष्ठभागाच्या मागे असतं. न्हाणीघराच्या दुधी काचेमागे वर्तमानपत्र धरून बघा. काचेला अगदी चिकटवलं तर वाचता येतं, बोटभर मागे नेलं की रेघा पुसट होतात, वीतभर नेलं की नुसतं करडं. टॅबवर फिल्म आणि पिक्सेल यांच्यामध्ये काचेची जाडी असते, आणि स्वस्त टॅबमध्ये त्याखाली हवेची फटही. म्हणजे ज्यांचा टॅब साधा, त्यांना चकाकीचा त्रासही जास्त आणि फिल्म लावली तर पुसटपणाही जास्त.

किंडलचं उदाहरण देणाऱ्यांनाही हेच उत्तर. किंडल उन्हात झकास दिसतं ते मॅट आहे म्हणून नव्हे. बाहेरचा उजेड हाच त्याच्या पानाचा उजेड आहे, कागदासारखा. ऊन वाढलं की त्याचं पान उजळतं. टॅब आपला उजेड पाठीमागून आणतो आणि बाहेरच्या उजेडाशी भांडतो. दोघांच्या अंगावर एकच कापड घातलं म्हणून दोघं एक होत नाहीत.

पुसटपणापेक्षाही बाबांना ज्याने छळलं ती गोष्ट वेगळीच होती. मॅट फिल्मचे उंचवटे इवल्या भिंगांसारखे वागतात. एखादं भिंग एका पिक्सेलचा लाल कण मोठा करून दाखवतं, शेजारचं हिरवा. पांढऱ्या पानावर मग रंगीत रवाळ बारीक चमचम दिसते. डोकं हललं की तीही हलते. ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर हे फारसं जाणवत नाही, कारण २४ इंची साध्या मॉनिटरचे पिक्सेल ढोबळ असतात, इंचाला ९२ च्या आसपास. बऱ्याच टॅबवर ते २६० च्या पुढे. डोळ्यांचे डॉक्टर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना मॅट फिल्टर सुचवतात तेव्हा ते चूक नसतात, पण तो सल्ला ऑफिसच्या टेबलावरून जसाच्या तसा टॅबवर उचलून आणला की बिघडतो.

आता देवनागरीकडे बघा. रोमन लिपीत ठिपका येतो तो आय आणि जे यांच्या डोक्यावर. पुसला गेला तरी शब्द कळतो. आपल्याकडे ठिपका म्हणजे अर्थ. 'मद' आणि 'मंद', 'रग' आणि 'रंग', 'काही' आणि 'कांही'. हे शेवटचं उदाहरण जुन्या पुस्तकातलं. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीची पुस्तकं त्यांनी भरलेली आहेत. एकेका ओळीत सात-आठ. त्यात ती पुस्तकं म्हणजे स्कॅन: पिवळट-करडं पान, झिजलेल्या खिळ्यांचा छाप, एका बाजूला फिकी शाई. आणि फिल्मची चमचम सगळ्यात ठळक दिसते ती अशाच फिकट करड्या पार्श्वभूमीवर. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, "अनुस्वार आहे की फिल्मचा किडा आहे, हेच कळत नव्हतं." घ आणि ध, भ आणि म हे फक्त शिरोरेषेच्या एका तुटीने वेगळे होतात; ष आणि प पोटातल्या एका तिरप्या रेघेने. ती तूट, ती रेघ फिल्मने बुजवली की मेंदू प्रत्येक शब्दावर थांबून अंदाज करतो. सवयीच्या वाचकाला हे कळतही नाही. त्याला फक्त एवढंच जाणवतं की आपण दमलो.

इंग्रजी ई-मेल आणि एक्सेल बघणाऱ्या आपल्याला हा थकवा येत नाही, म्हणून आपण फिल्म चांगली आहे असं सर्टिफिकेट देतो. आपल्या आईवडिलांच्या वतीने.

"मग त्या बारा दिव्यांचं काय?" हा रास्त प्रश्न. त्याचं उत्तर मला बाबांनीच दिलं. चाळीस वर्षं खडू हातात धरलेला माणूस. त्यांच्या वर्गात सकाळच्या तासाला फळा चकाकायचा, खिडकीच्या समोरच्या कोपऱ्यातली मुलं ओरडायची, "सर, दिसत नाही!" फळ्याला दर मे महिन्यात काळा रंग देऊन चकाकी मारली जायची हे खरं, पण रंग उडेपर्यंतचे मधले दहा महिने काय? "खिडकीचं एक दार लावून घ्यायचो," बाबा म्हणाले, "नाहीतर त्या दोघांना उठवून दुसऱ्या बाकावर बसवायचो. फळा कशाला खरवडायचा?"

आम्ही तेच केलं. वरचे दिवे बंद. अडीच फूट मागे आणि एका बाजूला एक उभा दिवा. त्यांची खुर्ची फिरवून पाठ कपाटाकडे केली. कपाट गडद तपकिरी आहे, त्यामुळे स्क्रीनमध्ये आता दिसतं ते कपाट, म्हणजे काहीच नाही. टॅब मांडीवर आडवा न ठेवता स्टँडवर जवळजवळ उभा. आडव्या टॅबमध्ये छत दिसतं, उभ्या टॅबमध्ये तुमची पाठीमागची भिंत. आणि पांढरा बनियन बदलून निळा सदरा. आई हसत होती, "वाचायला बसायचा गणवेश!" हसू दे. खर्च शून्य, दिवा घरातलाच होता. डार्क मोड मात्र त्यांनी दोन मिनिटांत बंद करायला लावला, आणि बरोबर केलं. काळ्या पानाचा चकचकीत स्क्रीनवर पूर्ण आरसा होतो.

भाड्याच्या घरात दिवे बदलता येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: बटण तर बंद करता येतं ना? सवय जाता जात नाही, हे खरं कारण आहे. हॉलमध्ये सगळे दिवे लावले नाहीत तर घर उदास वाटतं, पाहुणे काय म्हणतील वगैरे. मग त्या रोषणाईपायी म्हाताऱ्या माणसाने वाचन सोडायचं.

मॅट कुठेच नको असं माझं म्हणणं नाही. नातीच्या टॅबवर, म्हणजे माझ्या मुलीच्या, मी ती ठेवली आहे. ती पेनने अ, आ गिरवते; एकेक अक्षर दोन इंचांचं. गुळगुळीत काचेवर पेन घसरतं, फिल्मवर पाटीवर पेन्सिल फिरावी तसं अडतं आणि हात वळणावर येतो. तिचा टॅब टेबलावर आडवाच असतो, वरचे दिवे त्यात दिसणारच. तिथे मॅट योग्य. तसंच काचेतच कोरलेलं मॅट आणि वरून चिकटवलेलं मॅट यांना एका मापाने मोजू नका. २०२४ च्या आयपॅड प्रोवर अ‍ॅपलने 'नॅनो-टेक्श्चर' काच दिली, पण फक्त १ आणि २ टेराबाइटच्या महागड्या मॉडेलवर, वर शंभर डॉलर जास्त घेऊन, आणि ती पुसायला वेगळं फडकं देऊन. काम चोख करायचं तर ते किती जड जातं, एवढं यावरून कळायला हरकत नाही. आपल्या इथल्या धुळीत आणि तुपाच्या बोटांत त्या फडक्याचं काय होईल हा आणखी वेगळा प्रश्न. चिकटवलेल्या फिल्मचं काय होतं ते आम्ही बघितलंच आहे: खळग्यांत तूप बसतं, जिथे अंगठा सारखा लागतो तिथे महिन्याभरात एक चकचकीत चट्टा पडतो, आणि मग मॅटही धड राहत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवून फिल्म फेकून देऊ नका. एकदा उचललेली फिल्म पुन्हा नीट बसत नाही, मध्ये धूळ जाते. आधी एवढं करा. रात्री, हॉलचे नेहमीचे दिवे लावून, एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन उघडा; फिल्म नसलेल्या फोनवर तेच पान तेवढ्याच आकाराचं करून शेजारी धरा. वरचे दिवे बंद करून एक बाजूचा दिवा लावा आणि पुन्हा बघा. पांढऱ्या भागावर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. रवा चमकतो का ते दिसेल. आणि हे सगळं स्वतः करू नका. घरात जो सगळ्यात जास्त मराठी वाचतो, किंवा जो वाचायचा आणि आता वाचत नाही, त्याच्या हातात द्या. त्याला "दिसतंय ना?" असं विचारू नका, दिसतंय असंच उत्तर येईल, आपली माणसं तशीच आहेत. मोठ्याने वाचायला सांगा आणि कुठे अडखळतात ते ऐका.

मग फिल्म काढायची ठरली तर कोपऱ्याला सेलोटेप लावून ती तिरपी, सावकाश ओढा. गोंद राहिला तर किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसा. आमच्याकडची फिल्म आईने ठेवून घेतली आहे. डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांवर चिकटवायला बरी पडते म्हणाली, पेनाची शाई फिसकटत नाही. बाबा यंदा जानेवारीत आले होते. तीन महिन्यांत सव्वीस पुस्तकं झाली. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एका जुन्या पुस्तकातल्या छपाईच्या चुकांची यादी काढून दिली, पान आणि ओळीच्या क्रमांकासकट. त्यातल्या अकरा चुका अनुस्वाराच्या आहेत.